सुतकातला हेडफोन

वस्तू निवडावी तर उत्तमरावांनी! असं दुसरं कोणी म्हणत नसे, स्वतः उत्तमरावच म्हणत. पण ते इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणत, की मूर्तिजापूरच्या भाजीबाजारातली चारदोन माणसं ते खरं मानू लागली होती. वांगं देठापाशी दाबून ते आतली अळी ओळखत. बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवून तो मारका आहे की गरीब, ते सांगत. त्यांनी पारखून घेतलेलं मडकं कधी गळलं नाही आणि घोंगडी कधी विरली नाही. त्यामुळे एकोणीसशे चौसष्टच्या हिवाळ्यात जेव्हा त्यांनी हेडफोन घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो आपल्याला निवडता येईल की नाही अशी शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. हेडफोन ही वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, एवढीच काय ती अडचण!

दुसरी अडचण जरा मोठी होती. घरात सुतक होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे दोन कोसांवरच्या गावात उत्तमराव आणि त्यांचे थोरले भाऊ केशवराव यांची भाजीपाल्याची वाडी होती. मंगळवारी सकाळी केशवराव विहिरीवर गेले, बैल मोटेला जुंपले, छातीला हात लावला आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशीच बसले ते बसलेच. एरवी त्या माणसाचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. जाताना मात्र त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. उत्तमरावांचा मोठा मुलगा सहदेव यानं अग्नी दिला. उत्तमराव त्या दिवसापासून जेवत होते, बोलत होते, आल्यागेल्याला रामराम करत होते, पण आतून पार मोडले होते. तीस वर्षं एका विहिरीचं पाणी दोघांनी भाजीला पाजलं होतं. केशवराव, उत्तमरावांचे दादा, मोट हाकायचे आणि गायचे. उत्तमराव आणि दादांची बायको माणिकवहिनी खाली वाफ्यांत पाणी वळवायचे. आता विहीर होती, मोट होती, आणि आवाज गेला होता.

गेला होता, पण अगदी सगळा गेला नव्हता! दोन महिन्यांपूर्वी अमरावतीच्या शेतीच्या प्रदर्शनात नागपूर रेडिओच्या एका साहेबानं दादांचं मोटेवरचं गाणं ऐकलं होतं. त्यानं दादांना नागपूरला बोलावलं, कापडानं मढवलेल्या एका खोलीत बसवलं आणि गाणं फितीवर उतरवून घेतलं. नंतर टपालानं कागद आला, त्यात तारीख आणि वेळ होती. बुधवार, संध्याकाळी साडेसहा. दादांनी तो कागद एकट्या उत्तमरावांना वाचून दाखवला होता, गावाला त्या दिवशीच चकित करायचं म्हणून. तो बुधवार आता आठ दिवसांवर आला होता आणि दादा नव्हते.

म्हणजे नवव्या दिवशी, तेरवीच्या आधी, दादांचा आवाज नागपूरहून निघून घरात येणार होता. तो एकदा ऐकायचा, एवढीच उत्तमरावांची इच्छा होती. फीत काय, साहेब पुन्हा लावील न लावील! आणि घरात ट्रान्झिस्टर होता. दोघा भावांनी मिरचीच्या एका चांगल्या हंगामात हौसेनं घेतलेला. पण भाऊकीतले वडीलधारे जानराव काका पहिल्याच दिवशी येऊन तो पोत्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीवर ठेवून गेले होते.

जानराव काका म्हणजे नियमांचं गाठोडं. सुतकात काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय भाऊकीत कोणी नख काढत नसे. उत्तमरावांनी आडून आडून विचारून पाहिलं.

"काकाजी, सुतकात रेडिओ नाई लावाचा, बरोबर हाय. पन समजा, भजन असलं त?"

"पेटी वाजते काय त्याच्यात?"

"कधी कधी वाजते."

"मंग नाई."

"अन् नुसता मानसाचा आवाज असला त? पेटी नाई, तबला नाई."

काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "उत्तम, भाऊ जाऊन चार दिवस नाई झाले अन् तुले गानं सुचून राहिलं! लोक काय म्हनतीन? मयताच्या घरून रेडिओचा आवाज रस्त्यावर गेला, त सात गावात तोंड दाखवाले जागा नाई राहनार."

दादांचंच गाणं आहे, हे उत्तमरावांच्या ओठांवर आलं होतं. पण काका नाही म्हणाले असते, आणि दादांच्या नावाला नाही म्हटलेलं त्यांना ऐकवलं नसतं. शिवाय काकांच्या बोलण्यातला एक शब्द त्यांनी नेमका उचलला. आवाज रस्त्यावर जाता कामा नये. म्हणजे रस्त्यावर गेला नाही तर?

शेतात जाऊन ऐकावं, तर तेही जमणार नव्हतं. बुधवारी संध्याकाळी वहिनीचे भाऊ पंजाबराव बाळापूरहून वीस-पंचवीस माणसं घेऊन बसायला येणार होते. सोयरे अंगणात बसलेले आणि मयताचा सख्खा भाऊ वाडीत, असं झालं असतं तर जानराव काकांनी उत्तमरावांचंही सुतक पाळलं असतं. बसायचं होतं ते अंगणातच, सगळ्यांसमोर.

ट्रान्झिस्टरबरोबर मिळालेली, एका कानात घालायची बोंडी होती. ती घेऊन उत्तमराव गोठ्यात गेले. बोंडी कानात नीट बसेना. बसली की टोचे, टोचली नाही की पडे! आणि आवाज तरी कसा, तर भादव्यातल्या डासासारखा. वर बाजूला बांधलेल्या म्हशीनं दोनदा कान टवकारले. म्हशीला ऐकू जातं तर जानराव काकांना जाणारच, असा हिशेब करून उत्तमरावांनी बोंडी खिशात टाकली.

शनिवारी, तेरवीचे दुपट्टे आणायचे म्हणून ते अकोल्याला गेले. पिशवीत तळाशी ट्रान्झिस्टर होता, कोठीवरच्या पोत्यात त्याच्या जागी वीट. स्टेशनापासून थोड्या अंतरावर शालिकराम नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उघडेवाघडे रेडिओ सगळीकडे पसरलेले, आणि मधोमध डाक लावायचा तापलेला कैया हातात धरून शालिकराम.

"काय पायजे, मालक?"

"कानाले लावाचं पायजे. दोनी कानाले. हलकं पायजे, टोचलं नाई पायजे, चालताफिरता लावता आलं पायजे, महाग नाई पायजे. अन् बाहेर आवाज नाई गेला पायजे. जराबी!"

"हेडफोन म्हना ना सरळ!"

शालिकरामनं पहिला काढला तो तारबाबूचा. लोखंडी पट्टी आणि दोन काळ्या टणक वाट्या. उत्तमराव तो डोक्यावर चढवून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. शालिकराम वाट पाहत राहिला.

"मालक, झालं काय?"

"थांबा. वहान घेताना चालून पाहतो, मंग हे बसून नाई पाहाचं?"

दहाव्या मिनिटाला त्यांचे कान वांग्याच्या रंगाचे झाले आणि कपाळाची शीर उडायला लागली. हेडफोन परत गेला. दुसरा निघाला तो कुठल्या तरी परदेशी मशीनचा, पातळ, वाट्यांवर स्पंज लावलेला. तो कानावर बसला की नाही हेच कळेना, इतका मऊ. किंमतही फार नव्हती. उत्तमरावांचा चेहरा खुलला. पण निवड म्हणजे निवड! त्यांनी शालिकरामला समोर उभं केलं.

"ऐकू येते काय तुमाले?"

"बातम्या लागल्या हायत. गव्हाचं कायतरी म्हनून राहिला."

"एवढं स्वच्छ?"

"नाई जी, कान देला त. थोडं थोडं झिरपते."

"मंग किडका हाय!" उत्तमराव म्हणाले आणि अळीचं वांगं बाजूला टाकावं तसा त्यांनी तो बाजूला सारला.

मग शालिकरामनं माळ्यावरून एक पेटी काढली. लढाई संपल्यावर लष्कराचा जो माल लिलावात निघाला, त्यातला तो हेडफोन होता. जाड कातड्याच्या गाद्या, आत मेंढीची लोकर, मागून पत्र्याच्या टोप्या घट्ट बसवलेल्या. कान पुरते आत जात आणि कुठेही दाबत नसत. उत्तमरावांनी गादी दाबून पाहिली, शिवण ओढून पाहिली, वास घेतला, पट्टी वाकवून सोडून पाहिली. मग डोक्यावर चढवला. रस्ता, टांगे, सायकलींच्या घंट्या, शालिकराम, सगळं एकदम बंद! जगात फक्त गव्हाच्या बातम्या उरल्या.

शालिकराम चार हातांवर उभा राहिला. ऐकू आलं नाही. दोन हातांवर आला. नाही. शेवटी उत्तमरावांनी त्याला हाताला धरून जवळ ओढलं आणि त्याचा कान आपल्या कानावरच्या टोपीला टेकवला. शालिकरामची मिशी त्यांच्या पाच दिवसांच्या दाढीत अडकली. रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून हा प्रकार पाहू लागले.

"काईच नाई येत!" शालिकराम ओरडला. उत्तमरावांना तेही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ पाहून कळलं.

किंमत ऐकून मात्र त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एका गादीची शिवण उसवली आहे, लोकर जुनी आहे, पट्टीवर गंज आहे, असं सगळं त्यांनी दाखवून दिलं. शालिकराम बधेना.

"एवढा पारखून घेऊन राहिले. कोनतं गानं ऐकाचं हाय असं?"

गावात चार-पाच दिवस कोणाला न सांगितलेली गोष्ट उत्तमराव परगावच्या दुकानदाराला सांगून बसले. "माहा भाऊ हाय. बुधवारी रेडिओवर गाते." आणि मग खाली बघून म्हणाले, "मंगळवारी वारला."

शालिकरामनं हातातला कैया खाली ठेवला. पुढे घासाघीस झाली नाही. त्यानं निम्म्या किमतीत हेडफोन दिला, नवीन सेल घालून दिले, ट्रान्झिस्टरच्या भोकात बसेल अशी पिन वायरला डाकून दिली, तिचे पैसेही घेतले नाहीत. निघताना एवढंच सांगितलं, "नागपूर तिकडे उगवतीले हाय. ट्रान्झिस्टरचं तोंड तिकडेच ठेवजा. जरा फिरला की आवाज गेलाच समजा."

आता हेडफोन लपवायचा कसा? उत्तमरावांनी सोमवारपासूनच कान दुखायला लावला. थंडी होतीच. कानांवरून दुपट्ट्याचं जाड टापर बांधून ते अंगणात बसू लागले, म्हणजे बुधवारी त्याच्याखाली काय आहे ते कोणी पाहणार नाही. बेत चोख होता. फक्त त्यांच्या बायकोला, बेबीताईला, कान खरोखरच दुखतो आहे असं वाटलं. तिनं सोमवारी लसणीचं कढत तेल कानात ओतलं. मंगळवारी पुन्हा ओतलं. उत्तमरावांनी धडधाकट कानात ते उकळतं तेल दात आवळून सोसलं. भावासाठी माणूस काय काय करतो!

बुधवार उजाडला आणि मावळतीला आला. पंजाबराव माणसं घेऊन आले. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, मधे जानराव काका बसले होते, आत बायका होत्या. दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, डोक्यावरून पदर ओढून माणिकवहिनी बसल्या होत्या. नऊ दिवस त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. आज का आल्या, ते कोणी विचारलं नाही.

उत्तमराव उगवतीच्या भिंतीकडे तोंड करून बसले. घोंगडी पांघरलेली, घोंगडीत मांडीवर ट्रान्झिस्टर, टापराखाली हेडफोन. डोकं केवढं तरी दिसत होतं.

"भिताडाकडे तोंड करून काहून बसला, उत्तम?" काकांनी विचारलं होतं.

"मानसाकडे पाहवत नाई, काकाजी," उत्तमराव म्हणाले होते. हे ऐकून पंजाबरावांनी डोळे पुसले. असा भाऊ कलियुगात मिळणं नाही, असं बाळापूरच्या मंडळींत हळूच बोलणं झालं.

साडेसहा झाले. खरखर झाली. एका बाईनं गोड आवाजात काहीतरी सांगितलं. आणि मग, दोन्ही कानांच्या मधोमध, जणू डोक्यातच, दादा खाकरले.

ते खाकरणं उत्तमरावांनी हजारदा ऐकलं होतं. पहाटे बैल जुंपल्यावर दादा तसेच खाकरायचे. उत्तमरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ये वं मोटे, वरतं ये,
मेथीले दोन घोट दे!
वांगं म्हनते मीबी हाय,
मिरची म्हनते माहं काय?

लढाईतला हेडफोन तो! दादा असे गात होते की भिंत नव्हती, अंगण नव्हतं, सुतक नव्हतं. होती ती विहीर, पाटाच्या पाण्याचा ओला दांड आणि मेथीचे वाफे. कडवं संपलं आणि सवयीप्रमाणे दादांनी वरून हाक घातली, "पानी आलं हो ऽऽ!"

तीस वर्षं ह्या हाकेला उत्तर द्यायचं काम उत्तमरावांचं होतं. त्यांनी ते दिलं.

"आलं, दादा, आलं ऽऽ!"

वाडीच्या त्या टोकावरून ह्या टोकाला द्यावं तसं दिलं! कानांवर कातडं आणि लोकर असलेल्या माणसाला आपण केवढ्यानं ओरडलो ते कळत नाही. अंगणातली माणसं जागच्या जागी उडाली. पंजाबरावांच्या हातातला पाण्याचा गडवा लवंडला. कडब्यावर बसलेली कोंबडी खाली पडली.

पुढे अंगणात जे घडलं ते उत्तमरावांना नंतर सांगोवांगी कळलं, कारण त्यांचे डोळे मिटलेले आणि कान बंद होते. आपण ते क्रमानं पाहू.

"दादा म्हनला!" कोणीतरी कुजबुजलं. "दादा दिसून राहिले त्याले!"

जानराव काका उठले. अशा वेळी पुढं व्हायचं तर त्यांनीच. ते उत्तमरावांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"उत्तम, केशव आला काय रे?"

गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं. उत्तमरावांनी ठेक्यावर मान हलवली.

"आला म्हनते! केशवा, काई राहिलं काय रे तुहं? मनात काई हाय काय?"

मान हलली.

"तेरवीले गोड कोनतं पायजे? बुंदी करू?"

मान जोरात हलली. तिथं ठेका जोरात होता.

"सगळ्या गावाले जेवाले सांगू?"

ह्यालाही होकार आला. बाळापूरकरांनी एकमेकांकडे पाहिलं. आतून बेबीताईचा आवाज आला. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती उभ्या जन्मात बोलली नव्हती, तेव्हा तिनं काकांना मधे घातलं. "काकाजी, भासऱ्याले विचारा ना, यायनं तमाखू सोडाची काय?"

मान हलली, आणि हलतच राहिली. असा ठाम होकार कोणी पाहिला नव्हता.

"अन् तुह्यासाठी उत्तमनं वर्षभर अनवानी राहाचं काय?" हे काकांनी स्वतःच्या मनानं विचारलं. त्यांना आता होकार मिळवण्याची गोडी लागली होती. दादांनी तेही कबूल केलं.

"पानी आलं हो ऽऽ!"

"आलं, दादा, आलं ऽऽ! मी हाय अथीच! जाऊ नोका, दादा!"

आता मात्र अंगणात रडारड झाली. पंजाबराव तर लहान लेकरासारखे हुंदके देऊ लागले. जो तो हात जोडून उभा राहिला. त्या गर्दीतून वाट काढत माणिकवहिनी पुढं आल्या. बाई माणूस नवव्या दिवशी असं पुरुषांत येत नाही, पण नवरा आला आहे म्हटल्यावर कोण अडवणार? काकांनीही वाट करून दिली. त्या भिंत आणि उत्तमराव यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत येऊन उभ्या राहिल्या, खाली वाकल्या, आणि आपलं डोकं त्यांनी त्या जाड टापराच्या अगदी जवळ नेलं.

नेमकं तेव्हाच शेवटचं कडवं आलं. हे कडवं उत्तमरावांनी कधीच ऐकलं नव्हतं. विहिरीवर दादा ते म्हणत नसत. नागपूरच्या त्या बंद खोलीत, आपल्या गावचं कोणी नाही असं पाहून त्यांनी ते म्हटलं असावं.

दांडावर उभी मानका,
पाय तिचे भिजले का?

उत्तमरावांची मान थांबली. मानका म्हणजे माणिक, स्वतःच्या बायकोचं नाव! दादांनी तीस वर्षांत ते एकदा घेतलं नव्हतं. "ऐकलं काय", "अवं", नाहीतर नुसतं खाकरणं, ह्यावर दोघांचा संसार झाला होता. आणि आता दादा ते नाव दोनदा, तीनदा, आळवून आळवून घेत होते. उत्तमरावांनी डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर वहिनीचा चेहरा होता.

वहिनींची नजर त्यांच्या गळ्यापाशी होती. टापरातून निघालेली काळी वायर दाढीखालून घोंगडीत गेली होती. उत्तमरावांच्या मागे पन्नास माणसं हात जोडून उभी होती! वहिनींनी पदर सारखा केल्यासारखं करून त्या वायरीवर ओढला आणि मान वर करून मंडळींना म्हणाल्या, "गेले. गेले ते."

"गेला," जानराव काकांनी दुजोरा दिला. "जाताना थंड वारा सुटला, मले जानवलं."

माणसं हातपाय धुवायला विहिरीकडे गेली. बुंदी कोण पाडणार ह्याची चर्चा सुरू झाली. बेबीताईनं उत्तमरावांची तमाखूची डबी आणि वहाणा दोन्ही उचलून आत नेल्या. अंगणाच्या त्या कोपऱ्यात दोघंच राहिली.

"सोडा आता ते, भाऊजी."

उत्तमरावांनी टापर सोडलं, हेडफोन काढून घोंगडीवर ठेवला. लाजेनं त्यांना मान वर करवेना. "वहिनी, मी…"

"साडेसहाले लागलं ना?"

"तुमाले ठाऊक होतं?"

"कागद माह्याच पेटीत हाय. रोज काढून पाहतो मी. अन् तुमचा कान सोमवारी डावा दुखे अन् मंगळवारी उजवा. बेबीच्या ध्यानात नाई आलं. मी समजली. म्हनूनच दारात येऊन बसली. म्हटलं, एवढ्या जवळ बसलं त कानावर पडन थोडंसं. नाई पडलं. मंग पार पुढ्यात येऊन उभी राहिली."

"तरी?"

"नाई."

उत्तमराव म्हणाले, "मी म्हनून दाखवतो, वहिनी." आणि त्यांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज म्हणजे कोरड्या चाकाची घरघर. मेथी झाली, वांगं झालं, मिरची झाली. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. दुसरं कडवंही झालं. मग ते "दांडावर उभी" इथपर्यंत आले आणि थांबले. पुढचा शब्द दिराच्या तोंडून कसा निघावा? थोरल्या वहिनीचं नाव!

"काय झालं, भाऊजी? इसरले?"

"नाई. तठी दादानं एक नाव घेतलं."

"कोनाचं?"

उत्तमराव जमिनीकडे पाहत राहिले. वहिनी खाली बसल्या, हेडफोन उचलला आणि पदराखालून दोन्ही कानांवर ठेवला. ट्रान्झिस्टर चालूच होता. त्यावर एव्हाना सरकीचे आणि तुरीचे बाजारभाव लागले असावेत. अकोला, अमरावती, खामगाव, सगळ्या बाजारांचे भाव त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मग हेडफोन काढला आणि कातड्याच्या गादीवरून बोट फिरवलं.

"मऊ हाय. टोचत नाई."

"हो."

"भाऊजी, दुकानात याच्याहून खराब नव्हता काय?"

"होता, वहिनी," उत्तमराव म्हणाले. "मीच नाई घेतला."